काटा जे सांगत नाही

व्यायामाने वजन किती उतरेल, हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. आमच्या मते प्रश्नच चुकतो. काटा माणसाचे ओझे सांगतो. त्यात स्नायू किती आणि मेद किती, हे त्याला ठाऊक नसते.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र आले. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे आपल्या पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु मेद युडकिनांच्या देहात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! सडपातळ दिसणारा आपल्याकडील गृहस्थ मधुमेहाच्या तावडीत कसा सापडतो, याचा एक धागा येथे मिळतो. जेवणानंतर रक्तात उतरणाऱ्या साखरेचे मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल, किंवा बसून बसून त्याची दारे गंजली असतील, तर साखर जाणार कोठे? स्नायू राबू लागला की तो इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतो.

दंड कमावले की झोपेतही चरबी जळते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हिशेब पाहावा. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ उष्मांक खर्च करतो, एक किलो मेद साडेचार. दोन किलो स्नायू वाढवले, तर पाव पोळीची सोय झाली! खरा लाभ निराळाच आहे. नुसते खाणे तोडून वजन उतरवले, तर मेदाबरोबर स्नायूही झडतो. ओझ्याचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांनी ती झड पुष्कळ थांबते. (उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाणारांचे वजन उतरतच नाही, ती गोष्ट वेगळी.)

आता आमचे वय झाले, असे कोणी म्हणेल. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी ओझे उचलायला लावले. नऊ जणांनी क्रम पुरा केला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी, मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी वाढला.

आपल्या बैठका त्याच जातीच्या. मात्र त्याच पन्नास वर्षभर काढल्या, तर स्नायू सरावतो. ओझे हळूहळू वाढायला हवे. हृदयविकार असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इतरांनी, स्त्रियांनीही, आठवड्यातून दोनदा खुर्चीपासून आरंभ करावा. हात न टेकता दहा वेळा सहज उठता-बसता आले, की छातीशी पाण्याची भरलेली बाटली धरावी.