गेम बनवताना स्क्रीनवर लाल अक्षरं आली? घाबरू नका, आधी ओळ वाचा

सुट्टीत घरबसल्या गेम बनवायला शिकणारी मुलं-मुली आता आपल्याकडेही बरीच दिसतात. हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप, यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ आणि युनिटी नावाचं सॉफ्टवेअर. शिकणाऱ्यांसाठी त्याची पर्सनल आवृत्ती मोफत मिळते. व्हिडिओतला माणूस पंधरा मिनिटांत स्क्रीनवर चेंडू पळवून दाखवतो. आपल्या मुलानं तेच लिहिलं तरी चेंडू जागचा हलत नाही आणि खाली लाल अक्षरांची रांग लागते. दोन-तीन दिवस झटापट चालते. मग 'हे आपलं काम नाही' म्हणून लॅपटॉप बंद होतो. अब्बांना वाटतं पैसे वाया गेले, मुलाला वाटतं आपल्यालाच डोकं नाही.

दोन्ही समज चुकीचे आहेत. नवशिक्यांच्या चुका ठरावीक असतात आणि त्याच त्या पुन्हा पुन्हा होतात. त्या ओळखता आल्या की निम्मं काम झालं. युनिटीत स्क्रिप्ट सी-शार्प भाषेत लिहिली जाते, म्हणून खालची उदाहरणं तिथलीच घेतली आहेत.

लाल ओळ म्हणजे पत्ता

युनिटीत 'कन्सोल' नावाची खिडकी असते. पिवळी ओळ म्हणजे इशारा, तिच्यामुळे गेम थांबत नाही. लाल ओळ म्हणजे चूक. स्क्रिप्ट लिहिण्यातच चूक असेल तर प्लेचं बटण दाबूनही गेम सुरू होत नाही. आधी सगळ्या चुका दुरुस्त करा, असा निरोप येतो.

लाल ओळीत फाईलचं नाव आणि कंसात दोन आकडे असतात, उदाहरणार्थ (14,32). म्हणजे चौदावी ओळ आणि त्या ओळीतलं बत्तिसावं अक्षर. त्या निरोपावर दोनदा क्लिक केलं की थेट तीच ओळ उघडते. बहुतेक वेळा तिथे अर्धविराम ( ; ) राहिलेला असतो. उघडलेला महिरपी कंस { बंद करायचा राहिला असेल, तर चूक फाईलच्या अगदी शेवटी दाखवली जाते. खरी जागा बरीच वर असते. म्हणून दाखवलेल्या ओळीवर सगळं ठीक दिसलं तर वर वर सरकत कंसांच्या जोड्या मोजा.

वीस चुका एकदम दिसल्या म्हणून हातपाय गाळू नका. सगळ्यात वरची पहिली चूक दुरुस्त करा, फाईल सेव्ह करा आणि पुन्हा बघा. एक अर्धविराम टाकला आणि बाकीच्या आपोआप गेल्या, असं नेहमी होतं.

कॅपिटल अक्षरं आणि नावं

सी-शार्प भाषेत कॅपिटल आणि लहान अक्षरं वेगळी धरतात. एके ठिकाणी 'स्पीड' कॅपिटल एसनं लिहिलं आणि दुसरीकडे लहान एसनं, तर संगणकाच्या दृष्टीनं ती दोन वेगळी नावं. असं नाव अस्तित्वातच नाही, अशी लाल ओळ लगेच येते. ही चूक सोपी, कारण ती दिसते.

अवघड चूक ती जी दिसत नाही. 'अपडेट' हे फंक्शन युनिटी प्रत्येक फ्रेमला स्वतः बोलावते, पण त्याचा यू कॅपिटल असेल तरच. लहान यू लिहिला तर लाल ओळ येत नाही, पिवळीही येत नाही. नुसतं काहीच होत नाही. टक्कर ओळखणाऱ्या फंक्शनचंही तसंच. टूडी गेममध्ये त्याच्या नावाच्या शेवटी '2डी' लागतं. ते विसरलं तर चेंडू भिंतीला आपटतो, पण गुण वाढत नाहीत. शिवाय टक्कर कळायला दोन्ही वस्तूंवर कोलायडर आणि निदान एकीवर रिजिडबॉडी हवी, आणि तीही टूडीचीच.

स्क्रिप्टच्या फाईलचं नाव आणि आतल्या क्लासचं नाव एकच ठेवा. फाईलचं नाव नंतर बदललं आणि क्लासचं तसंच राहिलं, की स्क्रिप्ट वस्तूवर चिकटायला नकार देऊ शकते.

'नल रेफरन्स': नाव आहे, पत्ता नाही

गेम सुरू होतो आणि मध्येच 'नल रेफरन्स एक्सेप्शन' असा लाल निरोप येतो. नवशिक्यांना सगळ्यात जास्त रडवणारी चूक हीच. नाव भारदस्त आहे, पण अर्थ साधा. पाकिटावर नाव लिहिलं आणि पत्ता लिहायचाच राहिला, तर पोस्टमन पाकीट कुठे देणार?

समजा स्क्रिप्टमध्ये गुण दाखवणाऱ्या अक्षरपट्टीसाठी एक नाव ठरवलं. पण ती पट्टी नेमकी कोणती, हे युनिटीला सांगितलंच नाही. इन्स्पेक्टर खिडकीत त्या नावापुढे 'नन' लिहिलेलं दिसेल. डावीकडच्या यादीतून खरी पट्टी ओढून त्या चौकटीत सोडा, काम झालं. चौकट भरलेली असूनही निरोप येत असेल तर दोन गोष्टी तपासा. तीच स्क्रिप्ट चुकून दुसऱ्या वस्तूवरही चिकटली आहे का? आणि 'गेट कंपोनंट' वापरून जे मागितलं, ते त्या वस्तूवर खरंच लावलेलं आहे का?

निरोप न देणाऱ्या चुका

काही चुका कन्सोलमध्ये दिसतच नाहीत. या पाच लक्षात ठेवल्या तर कितीतरी तास वाचतील.

1. कोडमध्ये वेग 5 चा 10 केला, तरी गेममध्ये फरक नाही. कारण इन्स्पेक्टरमध्ये जुना 5 साठवलेला असतो आणि तोच चालतो. आकडा तिथे बदला.

2. गेम चालू असताना वस्तूंच्या जागा आणि आकडे छान जुळवले, गेम थांबवला आणि सगळं गायब. प्ले चालू असताना केलेले असे बदल टिकत नाहीत. आवडलेले आकडे वहीत लिहून घ्या आणि गेम थांबवल्यावर पुन्हा भरा.

3. जीवाची पट्टी पहिल्याच फटक्याला रिकामी होते. 100 पैकी 50 जीव उरला तर 50 भागिले 100 म्हणजे 0.5 यायला हवं. पण दोन्ही आकडे 'इंट', म्हणजे पूर्णांक असले, तर सी-शार्प दशांश टाकून देते आणि उत्तर 0 येतं. 99 भागिले 100 चंही उत्तर 0. त्यातला एक तरी आकडा 'फ्लोट' करा.

4. एक बरोबरचं चिन्ह ( = ) किंमत भरतं, दोन चिन्हं ( == ) तुलना करतात. आकड्यांत ही गफलत झाली तर लाल ओळ येते. पण खरं-खोटं साठवणाऱ्या 'बूल' प्रकारात फक्त पिवळा इशारा मिळतो आणि अट कायम खरी ठरते. खेळाडू पहिल्या क्षणीच मरतो तो यामुळे.

5. आपल्या लॅपटॉपवर गेम नीट चालतो आणि मित्राच्या नव्या मशीनवर गाडी सुसाट पळते. प्रत्येक फ्रेमला 0.1 एकक पुढे, असं लिहिलं असेल तर सेकंदाला 30 फ्रेम दाखवणाऱ्या मशीनवर वेग 3 होतो, 60 वाल्यावर 6. म्हणून 'अपडेट'मध्ये वस्तू सरकवताना वेगाला 'टाइम.डेल्टाटाइम'ने गुणायचं. तो मागच्या फ्रेमला लागलेला वेळ असतो. मग वेग सगळीकडे सेकंदावर चालतो.

व्हिडिओ जुना, युनिटी नवी

कधी चूक मुलाची नसतेच. व्हिडिओ पाच-सहा वर्षांपूर्वीचा असतो आणि मधल्या काळात युनिटीतली नावं बदललेली असतात. युनिटी 6 मध्ये रिजिडबॉडीच्या 'व्हेलॉसिटी'चं नाव 'लिनिअर व्हेलॉसिटी' झालं. कीबोर्डची बटणं वाचायची जुनी पद्धतही मागे पडून नवी इनपुट सिस्टीम आली आहे. प्रोजेक्ट नव्या सिस्टीमवर असेल तर जुनी ओळ लाल निरोप देते. व्हिडिओ निवडताना त्यात कोणती आवृत्ती वापरली आहे ते आधी बघा.

चूक शोधायची रीत

शंका असेल तिथे 'डीबग.लॉग' लिहून छोटा निरोप छापा, जसं 'टक्कर झाली'. तो कन्सोलमध्ये दिसला तर फंक्शन चालतंय आणि गडबड पुढे आहे. दिसला नाही तर गडबड आधीच आहे. असं अर्धं-अर्धं करत गेलं की नेमकी ओळ हाती लागते. एका वेळी एकच बदल करा. पाच बदल एकदम केले तर गेम कशामुळे चालला किंवा कशामुळे मोडला, ते कळत नाही. आणि चालणारा प्रोजेक्ट मोडण्याआधी त्याची एक प्रत वेगळी ठेवा.

एआयला विचारून दुरुस्ती घेता येते, पण चिकटवण्याआधी प्रत्येक ओळ काय करते ते स्वतः सांगता आलं पाहिजे. नाहीतर पुढची चूक आली की पुन्हा तिथेच अडकायला होतं.

घरच्यांनी काय करावं?

कोडिंग येत नसलेल्या अम्मी-अब्बांनाही मदत करता येते. प्रोग्रामर लोकांची एक जुनी युक्ती आहे: टेबलावर रबरी बदक ठेवायचं आणि आपला कोड त्याला ओळीओळीनं समजावून सांगायचा. बोलता बोलता चूक स्वतःलाच सापडते. घरात माणसं असताना बदक कशाला? मुलाच्या किंवा मुलीच्या शेजारी दहा मिनिटं बसा आणि विचारा, 'ही ओळ काय करते? आणि ही?' उत्तर मराठीत, आपल्या बोलीत आलं तरी चालेल. अडखळेल तिथे बहुधा चूक असते.

आणि 'अजून जमलं नाही का?' हा प्रश्न टाळा. त्याऐवजी 'आज कोणती चूक सापडली?' असं विचारा. रोज याच कामाचा पगार घेणाऱ्या प्रोग्रामरच्या स्क्रीनवरही लाल ओळी येतात. फरक एवढाच की तो आधी ती ओळ वाचतो.