विंडरमिअरच्या पोटातला मासा

विंडरमिअरचा एकही फोटो नाही असं मराठी घर बर्मिंगहॅममध्ये शोधून सापडायचं नाही. भारतातून आई-वडील आले की एम-सिक्स धरायचा, दीडशे मैलांवर बोनेस गाठायचं, बोटीत बसायचं, काठावर डबे उघडायचे आणि रात्रीपर्यंत परतायचं. या सहलीत आपण डोंगर पाहतो, ढग पाहतो, हंस पाहतो. आपल्या बोटीखाली काय आहे हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. या लेखात मी तुम्हाला तिथेच, म्हणजे खाली, नेणार आहे.

विंडरमिअर हे इंग्लंडमधलं सर्वांत मोठं नैसर्गिक सरोवर. लांबी सुमारे 17 किलोमीटर. बोनेसजवळच्या बेटांमुळे आणि उथळ पट्ट्यामुळे त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडतात. उत्तरेकडचा भाग 64 मीटरपर्यंत खोल आहे. म्हणजे वीस मजली इमारत आत उभी केली तरी बुडेल. या खोल, थंड, अंधाऱ्या पाण्यात एक मासा राहतो. इंग्रजीत त्याचं नाव उच्चाराने आपल्या चार या आकड्यासारखंच. ‘आज चार मिळाले’ म्हटलं तर नेमके किती, असा घोटाळा होऊ नये म्हणून मी इथे ‘चार्र’ असं लिहितो.

आर्क्टिक चार्र हा ट्राउट आणि सामन यांच्या कुळातला. नावाप्रमाणे तो उत्तर ध्रुवाकडच्या थंडीचा रहिवासी. हिमयुग ओसरलं, बर्फ मागे सरकला आणि हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत सरोवरं तयार झाली. त्या काळात इथवर आलेले चार्र मग इथेच राहिले. समुद्राची वाट विसरून त्यांनी सरोवरालाच घर मानलं. या गोष्टीला दहा हजारांहून अधिक वर्षं झाली. योगायोग असा की विंडरमिअरमध्ये त्यांचे समूहही चारच. उत्तर भागात दोन, दक्षिण भागात दोन. आणि प्रत्येक भागात एक समूह शरद ऋतूत काठाजवळच्या उथळ गोट्यांवर अंडी घालणारा, तर दुसरा हिवाळा सरताना खोल पाण्यात.

आता प्रश्न असा की इतक्या खोलवरचा मासा पकडायचा कसा? कोकणातल्या मंडळींना गरवणं नवीन नाही. खाडीच्या कडेला बसून गरी टाकायची आणि वाट पाहायची. पण इथे मासा साठ-सत्तर, कधी शंभर फूट खाली. त्यासाठी इथल्या मच्छीमारांनी शिशाच्या ओळंब्याची पद्धत बसवली. गवंडी भिंत सरळ आहे का हे पाहायला वापरतो, तोच ओळंबा. वल्ह्याच्या बोटीच्या दोन्ही बाजूंना पंखांसारख्या दोन लांब काठ्या. प्रत्येक काठीवरून खाली सोडलेली एक मुख्य दोरी, तिच्या टोकाला पाऊण किलोच्या आसपास शिसं. या दोरीला ठरावीक अंतरावर फुटलेल्या आडव्या दोऱ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाशी गळ अडकवलेला पातळ, चकचकीत धातूचा पत्रा. कुणी पितळेचा वापरतो, कुणी तांब्याचा, कुणी चांदीचा मुलामा दिलेला. काठीच्या शेंड्याला छोटी घंटी. बोट अगदी सावकाश वल्हवायची. पत्रे पाण्यात फिरत राहतात, लहान माशांसारखे चमकतात. चार्र लागला की वर घंटी वाजते.

गळांचा विषय निघालाच आहे तर आपल्या परिसराचं कौतुक करतो. आपल्या दक्षिणेला चौदा-पंधरा मैलांवरचं रेडिच सुयांसाठी जगप्रसिद्ध होतं. सुई करता येते त्याला गळही करता येतो. तीच तार, तसंच टोक. त्यामुळे तिथल्या ऑलकॉकसारख्या कारखान्यांतून मासेमारीचं सामान जगभर जाई. फोर्ज मिल नीडल म्युझियम अजून आहे. मुलांना घेऊन जरूर जा.

अमेरिका आणि कॅनडाच्या महासरोवरांवर याच कामाची दुसरी रीत आहे. तिला ‘जिगिंग’ म्हणतात. तिथे बोट जवळजवळ स्थिर ठेवतात. जड धातूचं आमिष सरळ तळापर्यंत सोडायचं, मग झटका देऊन वर उचलायचं आणि पुन्हा पडू द्यायचं. जखमी मासा धडपडतोय असं वाटून खालचा लेक ट्राउट झेपावतो. या माशाच्या नावात ट्राउट असला तरी तोही चार्रच, आपल्या विंडरमिअरवाल्याचा मोठा चुलतभाऊ. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे: मासा दिसत नाही. डोळ्यांचं काम हातातल्या दोरीने करायचं.

मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, तेव्हा चार्र इतक्या खाली का राहतो हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहतं. दुधावर साय धरावी तसा थर. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. चार्रला थंडावा हवा, म्हणून तो सायीखाली जातो. पण मग खालच्या पाण्याला हवेतला प्राणवायूही मिळत नाही. शरद ऋतूत वरचं पाणी थंड होऊन खाली जाईपर्यंत आधीच्या साठ्यावरच भागवावं लागतं.

माणसाने घोटाळा केला तो इथे. सांडपाण्यातलं फॉस्फरस सरोवरात उतरलं की शेवाळ माजतं. ते मरून तळाशी जातं आणि कुजताना खालचा प्राणवायू खाऊन टाकतं. वरून उष्णता, खालून गुदमर, आणि चार्र मधल्या पट्ट्यात अडकलेला. त्यात पाणी कोमट होऊ लागल्यावर रोच नावाच्या माशाची संख्या वाढली, आणि तो चार्रच्याच ताटातलं खातो. दक्षिण भागाची अवस्था 1980 च्या दशकात फार वाईट झाली, तेव्हा 1992 पासून सांडपाण्यातलं फॉस्फरस काढायला सुरुवात झाली. काही काळ फरक पडला. तरी चार्रची संख्या पुढे घसरलीच.

घसरली हे कळलं कसं? शास्त्रज्ञांनी जाळी लावून मोजदाद केली, नंतर ध्वनिलहरी सोडून केली. पण त्यांच्या अभ्यासात आणखी एक साधन होतं, आणि मला ते सर्वांत मोलाचं वाटतं: ओळंबा टाकणाऱ्या मच्छीमारांच्या नोंदी. किती तास वल्हवलं, किती मासे मिळाले, एवढंच, पण 1960 च्या दशकापासून वर्षानुवर्षं. निवृत्तीनंतर एका वृद्ध मच्छीमाराने मला आपल्या बोटीत बसवलं होतं. सकाळभरात घंटी दोनदा वाजली. दोन्ही मासे त्याने पाण्यातच गळावरून सोडवले आणि ओल्या हाताने वहीत आकडा लिहिला. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या इतक्या नीटनेटक्या असत्या तर मी धन्य झालो असतो. ‘घंटी वाजली नाही तेही लिहावं लागतं,’ तो म्हणाला. विज्ञानाची याहून चांगली व्याख्या मी वर्गात कधी केली नाही.

हा मासा एकेकाळी या प्रदेशाचा मानबिंदू होता. 1698 मध्ये घोड्यावरून इंग्लंड फिरणाऱ्या सेलिया फाइन्स यांनी आपल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली आहे. जायपत्री, लवंग, जायफळ घालून शिजवलेला, लोण्याखाली झाकलेला चार्र मासे रंगवलेल्या पसरट भांड्यांतून लंडनपर्यंत जाई. म्हणजे आपल्याकडचे मसाले या माशाला आपल्या आधी भेटले होते!

हे सगळं वाचून ‘आता संपलंच’ असं म्हणू नका. त्या चुलतभावाची गोष्ट ऐका. लेक सुपिरिअरमध्ये समुद्रातून आलेल्या लॅम्प्री या रक्तपिपासू जिवाने आणि बेसुमार मासेमारीने लेक ट्राउटचा जवळजवळ निकाल लावला होता. 1950 च्या दशकाअखेर लॅम्प्रीच्या पिलांना मारणारं रसायन सापडलं. मासेमारीवर बंधनं आली, लहान मासे सोडण्यात आले. 2024 मध्ये, म्हणजे दोन पिढ्यांनंतर, त्या सरोवराच्या बहुतेक भागांत हा मासा पूर्ववत झाल्याचं तिथल्या मत्स्य आयोगाने जाहीर केलं. काम झालं, पण ज्यांनी सुरू केलं त्यांच्यापैकी कितीजण ते पाहायला उरले असतील?

विंडरमिअरमध्ये केवळ पावसाचं पाणी उतरावं, सांडपाणी नाही, असं उद्दिष्ट सरकारने मार्च 2025 मध्ये मांडलं. ते पाळलं जातं का हे पाहणं नागरिक म्हणून आपलंही काम आहे. आपल्या खासदारांना पत्र लिहायला फार वेळ लागत नाही. दुसरं काम त्याहून सोपं. तिकडे कॉटेज घेऊन राहाल तेव्हा लक्षात ठेवा, तिथल्या बऱ्याच घरांचं सांडपाणी स्वतःच्या सेप्टिक टँकमध्ये जातं. भजी तळून उरलेलं तेल आणि आमटीचा गाळ सिंकमध्ये ओतू नका. बाटलीत भरून परत आणा. गळ टाकायची हौस असेल तर आधी परवाना काढा, नियम वाचा आणि चार्र लागलाच तर ओल्या हाताने सोडून द्या.

आणि दिवाळीच्या सुमाराचं एक सांगायचं राहिलं. आपण कंदील लावत असतो त्याच दिवसांच्या आसपास शरदातले चार्र खोल पाण्यातून वर, काठाजवळच्या गोट्यांवर यायला लागतात. नरांचं पोट तेव्हा लालभडक झालेलं असतं. एरवी कुणाला न दिसणारा हा शेजारी वर्षातून एवढाच वर येतो. तो पुढच्या वर्षीही यावा, एवढीच या दिवाळीला इच्छा.