कळवणं ऐच्छिक नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं चिमुरड्यांवरील अत्याचाराचं प्रकरण उघड झालं आणि हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. संताप रास्तच होता. पण मुलांची राखण त्याच्या खूप आधी सुरू व्हायला हवी.

२०१२च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शेजारी, शिक्षक, रिक्षावाले काका, सगळ्यांवर. सद्हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. गुन्हा माहीत असून गप्प बसणाऱ्याला मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. ‘शाळेचं नाव खराब होईल’ ही सबब इथे टिकत नाही, आणि टिकूही नये.

मुलाचा जबाब घरीही घेता येतो. तेव्हा पोलीस गणवेशात नसावेत, असा नियम आहे. आपणही त्याला खोदून खोदून विचारू नये. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव, फोटो किंवा शाळा फिरू लागली, तर तिथेच थांबवा. ओळख उघड करणं हाही गुन्हाच.

चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८, चोवीस तास सुरू. घरातल्या मुलांकडून आजच पाठ करून घ्या.