भाड्याची घरे : मिळकत आणि मर्यादा

जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे तालुक्याचे गाव. येथील पेठ आजही कापूस, मका आणि सोयाबीनच्या हंगामावर चालते. हंगाम बरा गेला की व्यापारी कुटुंबात एक विचार हमखास निघतो : शिल्लक रक्कम मालात घालावी, बँकेत ठेवावी, की एखादा गाळा किंवा जुने घर घ्यावे? वडिलोपार्जित गाळ्याचे भाडे दुष्काळी वर्षात चुलीला आधार देते, हा अनुभव जुना असल्यामुळे कौल बहुधा घराच्या बाजूने पडतो. तो योग्यही ठरू शकतो. मात्र हिशेब दुकानातील मालाइतक्याच काटेकोरपणे मांडला पाहिजे.

अलीकडे तरुण पिढीला दुसरीच वाट खुणावते. जुने घर स्वस्तात घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि वर्ष-दीड वर्षात नफ्याने विकायचे. समजा, १२ लाखांना घर घेतले. मुद्रांक शुल्क, नोंदणी व वकील मिळून ८० हजार आणि दुरुस्तीला ३ लाख लागले. एकूण १५ लाख ८० हजार झाले. ते १८ लाखांना विकले आणि दलालीचे ३६ हजार दिले, तर हाती १ लाख ८४ हजार उरल्यासारखे दिसतात. पण तालुक्याच्या गावी गिऱ्हाईक मोजकेच असते. विक्रीला १८ महिने लागले आणि रक्कम दरसाल १० टक्के व्याजाची असेल, तर व्याजच २ लाख ३७ हजार होते. म्हणजे नफा दूरच, ५३ हजारांची तूट येते. शिवाय घर २४ महिन्यांच्या आत विकले तर नफा अल्पकालीन धरला जातो आणि त्यावर नेहमीच्या दरानेच आयकर लागतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून जालना परिसरातील भावांची चर्चा सर्वत्र होते. परंतु महामार्गालगतच्या जमिनीचा भाव जाफराबादच्या गल्लीतील घराला लावणे ही फसगत होय.

तेच घर भाड्याने दिले तर? खाली गाळा ५,००० रुपयांनी आणि वर दोन खोल्या ३,५०० रुपयांनी लागल्या असे धरू. वर्षातील एक महिना जागा रिकामी राहिली, तर ९३,५०० रुपये येतात. मालमत्ता कर व डागडुजीचे १२,००० वजा जाता ८१,५०० उरतात, म्हणजे गुंतवणुकीवर पाच टक्क्यांहून किंचित अधिक. यातून एक साधा नियम निघतो : दहा टक्क्यांनी पैसा उचलून पाच टक्क्यांची मिळकत घेऊ नये. स्वतःची शिल्लक असेल, ती दहा वर्षे लागणार नसेल, तरच घर घ्यावे. आयकरात मात्र भाड्याच्या उत्पन्नाला सवलत आहे. भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीचा खर्च कितीही झालेला असो.

खरी जोखीम असते ती कागदांत. नमुना आठचा किंवा कर आकारणीचा उतारा कर कोण भरतो एवढेच सांगतो. तो मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये. निजामी राजवटीमुळे मराठवाड्यात इनाम जमिनी पुष्कळ आहेत. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार अंगलट येतो. दुसरी बाब वारसांची. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. जुना वाडा घेताना भावांच्या सह्या झाल्या आणि बहिणी राहून गेल्या, तर दावा उभा राहतो. बहिणींचा हिस्सा त्यांना द्यावा, अथवा त्यांनी स्वेच्छेने सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. व्यवहाराची रक्कमही बँकेतूनच द्यावी. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

भाडेकरू हा पेठेत बहुधा ओळखीचा, कधी आपलाच गिऱ्हाईक असतो. म्हणून लिखापढीचा संकोच वाटतो, आणि पुढे संबंध बिघडतात ते याच संकोचामुळे. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे नियंत्रण कायदा होता. त्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याने घेतली. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांना लागू होतो. आपली जागा त्यात येते की नाही, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. त्यानुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदवला नसेल, तर वादाच्या वेळी अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर त्याविरुद्ध सिद्ध होत नाही. बदलीवर आलेले शिक्षक वा बँक कर्मचारी यांच्याशी ११ महिन्यांचा नोंदणीकृत करार केला, अनामत रकमेची पावती दिली आणि गळके छत पावसाळ्यापूर्वी दुरुस्त केले, तर सहसा तंटा उद्भवत नाही.

राहता राहिला प्रश्न किती घरे घ्यावीत याचा. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात ज्या वस्तूंची मर्यादा ठरवायची, त्यांत क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन व घर, यांचा उल्लेख आरंभीच येतो. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त या व्रताची एक पळवाट दाखवून दिली आहे. एकाच घराची मर्यादा घेतलेल्याने शेजारचे घर विकत घ्यावे, मधली भिंत पाडावी आणि ‘घर एकच आहे’ म्हणून समाधान मानावे. संख्या टिकली तरी व्रताला दोष लागलाच. आज तीच भिंत पत्नीच्या, मुलाच्या किंवा सुनेच्या नावाने पाडली जाते.

म्हणून पहिल्या खरेदीपूर्वीच कुटुंबाने एकत्र बसून आकडा ठरवावा आणि तो वहीत लिहून ठेवावा : दोन गाळे, किंवा दोन गाळे व एक घर. ज्या मिळकतीचे छत पाहायला वर्षातून दोनदा जाता येत नाही आणि जिचा करार वेळेवर नूतन करणे होत नाही, ती मर्यादेपलीकडची समजावी. जाफराबादसारख्या गावात कागद स्वच्छ असलेले दोन गाळे आणि समाधानी भाडेकरू एवढी ठेव पुढच्या पिढीला पुरेशी असते. भांडणात अडकलेली पाच घरे तिला ओझेच होतात.