उपरोधिक पत्रांची साक्ष

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारास बनावट कागदाची भीति सदैव असते. मायना, मिति, शिक्का, वळण, शाई यांपैकीं एखादी गोष्ट विसंगत दिसली कीं तो सावध होतो. परंतु एका जातीचा कागद असा आहे कीं, तो या सर्व कसोट्यांस उतरतो आणि तरीहि संशोधकास फसवितो. वृत्तपत्राच्या संपादकास लिहिलेलें उपरोधिक पत्र हा तो कागद होय. त्याची मिति खरी, छापखाना खरा. मात्र त्यांत मांडलेलें मत लिहिणाराचें नसतें. तो खोटें नांव घेऊन प्रतिपक्षाचेंच म्हणणें थोडें ताणून गंभीरपणें मांडतो, आणि वाचकानें तें ओळखावें अशी अपेक्षा करतो. बनावट सनद करणारास आपलें कृत्य कधींच उघडकीस येऊं नये असें वाटतें. उपरोध करणाराचा श्रम तो उघडकीस न आल्यास फुकट जातो. म्हणून अशा पत्राची परीक्षा केवळ कागदावरून होत नाहीं. तें कोणत्या प्रसंगीं व कोणत्या मजकुरास उत्तर म्हणून लिहिलें गेलें, हें कळल्यावांचून त्याचा अर्थ लागत नाहीं.

या प्रकारचीं उत्कृष्ट उदाहरणें अमेरिकेंतील मुत्सद्दी व मुद्रक बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–१७९०) याच्या लेखनांत सांपडतात. सोळा वर्षांचा असतांना, १७२२ सालीं, त्यानें 'सायलेन्स डूगुड' या कल्पित विधवेच्या नांवें चौदा पत्रें लिहिलीं. पहिलें पत्र त्यानें थोरल्या भावाच्या छापखान्याच्या दाराखालून रात्रीं आंत सरकविलें, आणि लेखक कोण हें न जाणतां भावानें तें आपल्या वृत्तपत्रांत छापलें. तें पोरवयांतलें कौतुक येथें बाजूस ठेवूं.

१७७३ सालीं फ्रँक्लिन लंडन येथें अमेरिकन वसाहतींचा वकील म्हणून राहत होता. कर व व्यापार यांवरून इंग्लंड व वसाहती यांच्यामध्यें तंटा वाढत चालला होता. त्या वर्षीं २२ सप्टेंबरच्या 'पब्लिक ॲडव्हर्टायझर' पत्रांत, डँट्सिक येथून आलेला मजकूर म्हणून, प्रशियाच्या राजाचें एक फर्मान प्रसिद्ध झालें. ब्रिटन बेट मूळ जर्मन लोकांनीं वसविलेलें असून ते वसाहतवाले आमच्या सत्तेंतून कधींच मुक्त झालेले नाहींत, असें त्यांत प्रतिपादन होतें. म्हणून त्यांच्या आयात-निर्यात मालावर शेंकडा साडेचार जकात घ्यावी, त्यांच्या जहाजांनीं केनिग्सबर्ग बंदरास लागूनच जावें, त्यांनीं लोखंडाचे कारखाने घालूं नयेत, आणि जर्मनींतील तुरुंगांतले गुन्हेगार त्यांच्या देशांत वस्तीस पाठवावे, अशी कलमें होतीं. हीं सर्व कलमें इंग्लंडनें स्वतः वसाहतींवर लादलेल्या कायद्यांवरून घेतलेलीं होतीं. नांवें मात्र पालटलेलीं.

याचा परिणाम काय झाला, हें फ्रँक्लिननें ६ ऑक्टोबर १७७३ रोजीं आपल्या मुलास लिहिलेल्या खाजगी पत्रावरून समजतें. लॉर्ड ल डेस्पेन्सर याच्या घरीं सकाळच्या फराळाच्या वेळीं पॉल व्हाइटहेड नांवाचा गृहस्थ वर्तमानपत्र हातांत घेऊन धांवत आला आणि प्रशियाचा राजा आपल्या राज्यावर हक्क सांगत असल्याचें वृत्त सर्वांस सांगूं लागला. दुसऱ्या एकानें तर तो लाख फौजेनिशीं निघाल्याची बातमी पुढील टपालानें येईल, असें भाकीत केलें. वाचन पुढें चालतां चालतां व्हाइटहेडला संशय आला. त्यानें फ्रँक्लिनच्या तोंडाकडे पाहिलें आणि ही याचीच थट्टा असल्याचें ओळखलें. व्हाइटहेडपुढें लेखकाचें तोंड होतें. आपणांपुढें तें नसतें. मुलास लिहिलेलें पत्र नष्ट झालें असतें, तर ती फसवणूक किती क्षण टिकली व कशी उलगडली हें आज कोणासहि कळलें नसतें. खाजगी पत्रव्यवहार छापील मजकुराइतकाच जपावा लागतो तो याचसाठीं.

दुसरें पत्र याहून गंभीर. १७९० च्या फेब्रुवारींत गुलामगिरीविरुद्ध असलेल्या पेन्सिल्व्हेनियांतील संस्थेचा अध्यक्ष या नात्यानें फ्रँक्लिनच्या सहीचा अर्ज अमेरिकन काँग्रेसपुढें आला. जॉर्जियाचा प्रतिनिधि जेम्स जॅक्सन यानें गुलामगिरीचें जोरदार समर्थन केलें. काँग्रेसच्या प्रतिनिधिसभेनें २३ मार्च रोजीं, गुलामांस मुक्त करण्याच्या कामांत हात घालण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असा ठराव नमूद केला. त्याच तारखेचें 'हिस्टॉरिकस' या सहीचें पत्र दोन दिवसांनीं 'फेडरल गॅझेट' मध्यें छापून आलें. पत्रलेखक म्हणतो कीं, आपल्या पत्रांत जॅक्सनसाहेबांचें भाषण वाचून मला शंभर वर्षांपूर्वींचें अल्जीअर्स येथील एक भाषण आठवलें. साहेबांनीं त्याचा उल्लेख केलेला नाहीं, कदाचित् त्यांनीं तें पाहिलें नसेल. पुढें तेथील राज्यमंडळाचा सभासद सिदी मेहेमेत इब्राहिम याचें भाषण दिलेलें आहे. ख्रिस्ती लोकांस पकडून गुलाम करणें बंद केल्यास शेतें कोण पिकविणार, धन्यांची नुकसानभरपाई कोण करणार, मुक्त केलेल्यांचें काय करावयाचें, आणि हे गुलाम त्यांच्या स्वदेशापेक्षां येथेंच सुखी नाहींत काय, असे प्रश्न तो विचारतो. शेवटीं अर्ज फेटाळला जातो. आधारग्रंथ म्हणून मार्टिन नांवाच्या वकिलाच्या १६८७ सालच्या वृत्तांताचा निर्देश आहे.

असा ग्रंथ नाहीं व असें भाषण झालेलें नाहीं. तथापि फ्रँक्लिनच्या आत्मचरित्रापुढील वृत्तांत लिहिणारा डॉ. स्टूबर सांगतो कीं, अनेकांनीं तो ग्रंथ पुस्तकांच्या दुकानांत व ग्रंथालयांत शोधला. आमच्यापैकीं ज्यांनीं एखाद्या बखरींतील उल्लेखावरून न मिळणाऱ्या कागदाचा माग वर्षानुवर्षें काढला आहे, त्यांस त्या शोधकांना हंसण्याचा धीर होणार नाहीं. येथें अर्थाची किल्ली पत्राच्या पहिल्या चार ओळींत आहे. संग्राहकानें कात्रण करतांना तेवढा भाग गाळला, तर उरतो तो अल्जीअर्सच्या राज्यमंडळाचा एक वरकरणी विश्वसनीय दस्तऐवज! शिवाय हेंहि नमूद केलें पाहिजे कीं, फ्रँक्लिननें स्वतः पूर्वीं गुलाम बाळगले होते व त्याच्या वृत्तपत्रांत गुलामविक्रीच्या जाहिराती येत असत. पूर्वायुष्यावरूनच मत ठरविणारा वाचक येथें सहज चुकेल. हें पत्र छापल्यावर महिन्याच्या आंत, १७ एप्रिल १७९० रोजीं, तो वारला.

आतां तिसरें पत्र. कालक्रमानें तें मधलें आहे. पण त्याबद्दलचा गैरसमज आजहि चालूच असल्यानें तें शेवटीं घेतलें आहे. फ्रँक्लिन पॅरिसजवळ पासी येथें अमेरिकेचा वकील असतांना २६ एप्रिल १७८४ च्या 'जुर्नाल द पारी' मध्यें निनांवी पत्र आलें. संपादकांपैकीं एक, काडे द व्हो, हा त्याचा मित्रच होता. एके दिवशीं सकाळीं सहा वाजतां जाग आली तों खोलींत उजेड! नोकर खिडकीचीं दारें लावण्यास विसरला होता. सूर्य इतक्या लवकर उगवतो व उगवतांच प्रकाश देतो, हा आपला शोध लेखक मोठ्या गांभीर्यानें सांगतो आणि हिशेब मांडतो: २० मार्च ते २० सप्टेंबर १८३ रात्री, दर रात्रीं सात तास, एकूण १,२८१ तास, पॅरिसमध्यें एक लाख कुटुंबें, प्रत्येकास दर तासाला अर्धा पौंड मेण व चरबी, एकूण ६,४०,५०,००० पौंड, आणि खर्च ९,६०,७५,००० लिव्र. बचतीसाठीं खिडकीच्या दारांवर कर बसवावा, मेणबत्त्यांच्या दुकानांवर पहारे ठेवावे, आणि सूर्योदयास देवळांतल्या घंटा वाजवून तेवढ्यानें भागलें नाहीं तर रस्तोरस्तीं तोफा डागाव्या.

गुणाकार बिनचूक आहे. कोणीहि ताडून पाहावा. जमाखर्चाची बेरीज जुळली कीं कागदावर विश्वास बसतो, हा दप्तरें चाळणारांचा सर्वसाधारण अनुभव. परंतु येथें थट्टा गृहीत आंकड्यांत आहे. एका कुटुंबानें तासाला अर्धा पौंड मेण जाळणें ही कल्पनाच अवास्तव. ज्या नगरांतील प्रतिष्ठित लोक दुपारपर्यंत निजून राहत, त्यांच्यावर हा टोला होता. तरीहि घड्याळें एक तास पुढें करण्याच्या पद्धतीचा आद्य प्रवर्तक म्हणून फ्रँक्लिनचें नांव या पत्राच्या आधारें वारंवार दिलें जातें. पत्रांत घड्याळ हलविण्याचा एक शब्दहि नाहीं. ती सूचना न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसननें १८९५ सालीं व इंग्लंडच्या विल्यम विलेटनें १९०७ सालीं स्वतंत्रपणें केली, आणि देशभर अंमल प्रथम जर्मनीनें ३० एप्रिल १९१६ रोजीं केला. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ ते १९४५ पर्यंत, हिंदुस्थानांतहि प्रमाणवेळ एक तास पुढें केलेली होती. तिचें मूळ शोधणारानें विलेटपर्यंत जावें, पासीपर्यंत जाऊं नये.