संकेतस्थळ बांधण्याची अवजारे आणि अपंग कामगार

कारखान्यात नवे यंत्र आले म्हणजे मालक त्याचा वेग पाहतो. युनियनचा माणूस ते चालविणाऱ्याचा हात कोठे पोचतो आणि कोठे अडकतो ते पाहतो. आमची हयात या दुसऱ्या पाहण्यात गेली. म्हणून आजचा विषय संगणकाचा असला तरी तो आम्ही याच नजरेने मांडणार आहोत.

पूर्वी वेबसाइट, म्हणजे संकेतस्थळ, उभे करावयाचे तर संगणकाची भाषा जाणणारा माणूस लागे. आता वर्डप्रेस, विक्स, स्क्वेअरस्पेस अशी साधने निघाली आहेत. तयार साचा निवडावा, मजकूर व चित्रे बसवावीत, की काम झाले. गावातील दुकानदार, शाळा, पतपेढ्या, मंडळे अशी साधने वापरून आपली पाने उभारतात. जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी दोनांहून अधिक एकट्या वर्डप्रेसवर चालतात. तेव्हा साच्यात खोट राहिली तर ती एका पानापुरती राहत नाही. ती लाखो पानांवर उमटते.

आम्हांस हे कळले ते असे. आमच्या युनियनचे संकेतस्थळ करावयाचे ठरले. कचेरीचे काम पाहणारे आमचे एक सहकारी कामावरील अपघातात दृष्टी गमावून बसले आहेत. पण संगणक आमच्यापैकी कोणाहूनही चांगला चालवितात. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारा 'स्क्रीन रीडर' असतो, त्याच्या आधारे ते काम करतात. एनव्हीडीए नावाचा असा वाचक ऑस्ट्रेलियातील दोघा अंध तरुणांनी २००६ साली करावयास घेतला. तो आजही फुकट मिळतो. पडद्यावरचा बाण दिसत नसल्याने माउस अंधाच्या उपयोगाचा नाही. सारे काम कळांनी करावयाचे.

साचा निवडेपर्यंत ठीक चालले. पुढे ते साधन म्हणू लागले की चौकट उचला आणि ओढत दुसरीकडे न्या. ओढणे माउसवाचून होईना. बटणावर यावे तर वाचक नुसते 'बटण' म्हणे. कशाचे, ते सांगेना, कारण करणाऱ्याने त्याला नावच दिले नव्हते. दोन दिवसांनी आमचे सहकारी म्हणाले, "भाऊ, हे काम मला येतं. हे मला करू देत नाही, एवढंच." हे वाक्य ऐकून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

साधन पारखताना प्रश्न दोन असतात, आणि पुष्कळ लोक एकच विचारतात. पहिला प्रश्न: या साधनाने केलेले पान अपंग माणसास वापरता येते काय? दुसरा: ते साधनच अपंग माणसास चालविता येते काय? पहिला ग्राहकाचा, दुसरा कामगाराचा. वेबचे नियम ठरविणाऱ्या जागतिक संघाने पानांसाठी १९९९ साली पहिली नियमावली काढली, तिची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मधली. पान बांधणाऱ्या साधनांसाठी मात्र निराळी नियमावली आहे. तिची दुसरी आवृत्ती २०१५ साली आली आणि तिचे भागच दोन आहेत: साधन अपंगांस चालविता यावे, आणि त्या साधनाने सुगम पान करण्यास मदत व्हावी. आमचे दोन प्रश्न जाणत्या लोकांनी आधीच मांडून ठेवले होते.

आता पारख कशी करावी? त्यास इंजिनियर लागत नाही. प्रथम माउस बाजूला ठेवावा आणि टॅबच्या कळीने फिरावे. आपण कोठे आहोत ते दिसते काय? प्रत्येक बटणापर्यंत पोचता येते काय? जे ओढून करावयाचे त्यास दुसरी वाट आहे काय? ही वाट हवी असे २.२ आवृत्तीतही घातले आहे. हात कापणाऱ्या माणसासही तिचा उपयोग होतो. मग स्क्रीन रीडर लावून, डोळे मिटून एक पान करून पाहावे.

नंतर तयार झालेले पान पाहावे. चित्र चढविताना साधन त्याचे वर्णन लिहावयास सांगते काय? मथळा खरा मथळा म्हणून नोंदला जातो, की नुसती अक्षरे मोठी होतात? अंध वाचक मथळ्यावरून मथळ्यावर उड्या घेत पान चाळतो; मथळेच नसतील तर त्याला सारे अथपासून इतिपर्यंत ऐकावे लागते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे लागते; फिकट करड्या अक्षरांचे साचे येथे नापास होतात. अर्जातील प्रत्येक रकान्यास नाव हवे. चित्रफितीस लेखी संवाद हवेत, नाहीतर बहिऱ्या माणसास ती मुकी.

मराठीपुरती आणखी एक गोष्ट. पानाची भाषा मराठी अशी नोंदविता आली पाहिजे. नाहीतर वाचक देवनागरी मजकूर भलत्याच उच्चारांनी वाचू लागतो किंवा गाळून टाकतो. आणि आपल्याकडे सूचनापत्रकाचा फोटो चिकटविण्याची जी खोड आहे, तिने अंधाच्या पदरी काहीच पडत नाही. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूरही त्याला निरर्थक अक्षरांचा ढीग म्हणून ऐकू येतो.

या चुका किरकोळ नव्हेत. वेबएम ही अमेरिकन संस्था दरवर्षी दहा लक्ष संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०२५ साली शेकडा ९४.८ पृष्ठांत दोष सापडले. सर्वांत अधिक दोष फिकट अक्षरांचा. त्याखालोखाल वर्णन नसलेली चित्रे. हे दोष काढणे अवघड नाही. साधनाने वेळीच टोकले तर बहुतेक होणारच नाहीत.

सुधारणा कशी होते, याचा धडा वर्डप्रेसनेच दिला. डिसेंबर २०१८ मध्ये त्याचा नवा संपादक आला. तो अपंगांस जड जाईल असा इशारा आतल्याच कार्यकर्त्यांनी दिला होता. सुगमतेच्या कामाच्या प्रमुख ऑक्टोबरातच पद सोडून गेल्या. पुढे विद्यापीठांतील वर्डप्रेस वापरणाऱ्यांनी वर्गणी जमवून बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करविली. मे २०१९ मध्ये तिचा अहवाल सर्वांपुढे ठेवला. त्यातील पुष्कळ दोष पुढे दुरुस्त झाले. संघटना, वर्गणी आणि पुरावा: ही आमची जुनीच रीत.

याउलट मलमपट्टीपासून सावध राहावे. पानावर एक छोटे चिन्ह चिकटवा, सारे दोष आपोआप जातील, असे सांगणाऱ्या कंपन्या आहेत. अशा एका कंपनीस दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल २०२५ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दहा लक्ष डॉलर भरावयास लावले.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लक्ष अपंगांची नोंद झाली. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सरकारी नोकऱ्यांत निदान चार टक्के जागा राखून ठेवतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. पण जागा राखली आणि टेबलावरचे साधनच चालविता आले नाही, तर त्या जागेचा उपयोग काय?

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. आपली शाळा, पतपेढी वा मंडळ साधन विकत घेईल तेव्हा पैसे भरण्याआधी वरील पारख करावी. ती अपंग माणसाकडूनच करवून घ्यावी, आणि त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी. आम्ही तसे केले. तिसऱ्या साधनावर आमच्या सहकाऱ्यांनी युनियनचे पान स्वतःच्या हातांनी उभे केले. आज त्यावर सभेची सूचना तेच लावतात, आणि आमच्या शुद्धलेखनाच्या चुकाही तेच काढतात.