गळ्यातली चाल, पडद्यावरची रेघ

पितळेच्या हंड्यावर हातोडी पडली की कानाला एकच टणत्कार ऐकू येतो. तोच आवाज संगणकावर घेऊन ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि मोठा करून पाहिला, तर त्याचे दोन भाग वेगळे दिसतात. आधी सेकंदाच्या काही हजाराव्या भागात ताठ वर उसळलेली रेघ, आणि तिच्यामागून निमुळती होत गेलेली भांड्याची घुमण. सोनगीरला हा आवाज परका नाही. धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत, किल्ल्याच्या टेकडीखाली वसलेलं हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं जातं. ध्वनिमुद्रण शिकू पाहणाऱ्याला सरावासाठी याहून चांगला आवाज मिळणं अवघड आहे.

कारण रेकॉर्डिंगमधली सर्वांत मोठी चूक हाच आवाज उघडी पाडतो. ठोक्याचं शिखर त्याच्या घुमणीपेक्षा कितीतरी उंच असतं. घुमण छान ऐकू यावी म्हणून माइकची पातळी चढवली, तर पुढचा ठोका मापाबाहेर जातो. पडद्यावर लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो आणि कानाला फाटका, खरखरीत आवाज येतो. कापला गेलेला माथा मुळात नोंदलाच गेलेला नसतो, त्यामुळे नंतर आवाज कितीही कमी केला तरी तो जसाच्या तसा परत येत नाही. म्हणून जाणकार आधी सर्वांत मोठा आवाज काढून पाहतात आणि त्याचं शिखर मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावतात. ठोका असो, ढोलकीची थाप असो की ओवी म्हणताना मध्येच चढलेला आवाज, नियम एकच.

हे सगळं ज्यात चालतं त्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. एका पडद्यावर अख्खा स्टुडिओ, असं त्याचं काम. रेकॉर्डिंग, कापाकापी, अनेक ट्रॅक एकमेकांवर बसवणं, आवाजाचा पोत सुधारणं आणि शेवटी एकच फाइल बाहेर काढणं, हे सारं त्यात होतं. त्याआधीच्या काळात रेडिओत आणि स्टुडिओत चुंबकीय फीत होती. सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या फितीवर एक शब्द हातभर जागाही घेत नसे. नको असलेला खोकला काढायचा, तर स्पूल हाताने पुढेमागे फिरवून जागा शोधायची, पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि टोकं चिकटपट्टीने जोडायची. छेद चुकला तर फीत वाया.

१९९१मध्ये अमेरिकेतल्या डिजिडिझाइन कंपनीने प्रो टूल्स बाजारात आणलं. सुरुवातीला त्यात चारच ट्रॅक होते आणि त्यासाठी खास यंत्रसामग्री लागे, पण कापलेला तुकडा परत जोडता येऊ लागला. पुढे साध्या संगणकांची ताकद वाढली आणि ही सोय स्टुडिओबाहेर आली. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९मध्ये ऑडॅसिटीचं काम हाती घेतलं आणि मे २०००मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. ते तेव्हाही मोफत होतं, आजही आहे. ज्यांना थोडं पुढे जायचं असेल त्यांच्यासाठी विनॅम्प या संगीत-प्लेअरचा कर्ता जस्टिन फ्रँकेल याने केलेलं रीपर आहे. ते ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येतं, आणि नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो.

सॉफ्टवेअर फुकट मिळालं, पण शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. त्याला मराठीतून उत्तर देण्याचं काम पवईच्या आयआयटी मुंबईतल्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाने केलं. केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक माहिती-तंत्रज्ञान मोहिमेच्या पैशावर उभा राहिलेला हा प्रकल्प. लिनक्स, लिबरऑफिस, गिंपपासून ऑडॅसिटीपर्यंत अनेक मुक्त सॉफ्टवेअरवर त्यांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य धडे आहेत. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहतं, कारण पुढे नोकरीच्या ठिकाणी तेच दिसणार असतं. समजावणारा आवाज मात्र मराठी, हिंदी, तमिळ अशा आपल्या भाषेतला. धडा पाहण्याची रीतही ठरलेली आहे. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर. ऐकायचं, थांबवायचं, तेच स्वतः करायचं आणि पुढे जायचं. शिक्षक समोर नसलेल्या गावातल्या मुलाला डोळ्यासमोर ठेवून ही मांडणी केलेली आहे.

हे धडे घडवण्यातली एक पायरी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. धड्याची संहिता लिहून झाली की ती थेट रेकॉर्ड होत नाही. विषयाचा गंध नसलेल्या नवशिक्याला ती देतात आणि तेवढ्यावरून त्याला ते काम जमतं का ते पाहतात. तो जिथे अडतो तिथे संहिता बदलते. तज्ज्ञाला जी गोष्ट सांगायची गरजच वाटत नाही, नेमकी ती अशी सापडते. उदाहरणार्थ, लॅपटॉपला माइक जोडला तरी ऑडॅसिटीत रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉपचाच अंगचा माइक निवडलेला असू शकतो. पडद्यावर लाट उमटते, शिकणारा खूश होतो, आणि बाहेरचा माइक मात्र मुका असतो. माइकवर नखाने हलकं टिचकून पाहिलं की दोन सेकंदांत खरं काय ते कळतं.

या धड्यांच्या मराठी डबिंगचं काम तर एडिटिंगची शाळाच आहे. इंग्रजी धड्याची संहिता वेळेसह दोन स्तंभांत समोर असते. एका बाजूला मिनिट-सेकंद, दुसऱ्या बाजूला वाक्य. पडद्यावर बाण अमुक बटणावर पोहोचतो तेव्हाच मराठी वाक्याने त्या बटणाचं नाव घ्यायला हवं. मराठी वाक्य लांबलं तर चित्र पुढे निघून जातं. मग वाक्य पुन्हा बांधायचं, किंवा दोन वाक्यांमधली शांतता थोडी कापायची. हे काम करणारा ऑडॅसिटीतच रेकॉर्ड करतो, लाट पाहून श्वासाची जागा ओळखायला शिकतो आणि काही दिवसांत त्याला ‘क’ आणि ‘प’च्या आधीची बारीक शांतताही रेघेत दिसू लागते.

खानदेशात ही विद्या पोहोचण्याची गरज काय, याचं उत्तर इथल्या बोलीत आहे. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक नोंदले गेले, त्यात अहिराणी बोलणारेही आले. ही बोली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि तिचं बरंचसं धन छापील पानांपेक्षा गळ्यात आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, श्रावणातल्या कानबाईची गाणी, गुलाबाईची गाणी, लग्नघरातली हळदीची गाणी, जात्यावरच्या ओव्या.

बहिणाबाई चौधरींची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई शेतात आणि जात्यावर गाणी रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ती लिहून ठेवली. १९५१मध्ये त्या गेल्या, आणि १९५२मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती गाणी पुस्तकरूपाने आली. वही होती म्हणून मराठीला एवढी मोठी कवयित्री मिळाली. पण वहीत शब्द उतरतात. ओवीच्या शेवटी ओढलेला स्वर, दोन ओळींमधली जात्याची घरघर, हातातल्या कामाने ठरवलेली लय, हे वहीत उतरवणं कुणाच्याही हातात नव्हतं.

शब्द आणि आवाज दोन्ही राखण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला तो जात्यावरच्या ओव्यांसाठी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या पुण्याच्या दोन अभ्यासकांनी कार्यकर्त्यांच्या साथीने हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून अधिक बायकांकडून, एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. फ्रान्सचे संगणक-संगीततज्ज्ञ बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि १२० तासांहून अधिक डिजिटल ध्वनिमुद्रण झालं. पॉइतवाँ २००४मध्ये आणि राईरकर २०१०मध्ये गेले. २०१७पासून हा संग्रह पारी या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने वाचकांसमोर येतो आहे. या संग्रहाची खरी ताकद त्याच्या नोंदींमध्ये आहे. कोणी गायलं, कोणत्या गावात गायलं, ओवी कशाबद्दलची, हे प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं असल्यामुळे लाखभर ओव्यांतून हवी ती सापडते.

खानदेशातल्या तरुणांनी ध्वनिमुद्रणाचा दुसरा रस्ताही स्वतःच काढला आहे. ‘केसावर फुगे’सारखी अहिराणी गाणी यूट्यूबवरून खानदेशाबाहेरच्या वरातींत जाऊन पोहोचली. अशा गाण्यात तालाचे ट्रॅक आधी संगणकावर बांधले जातात, गायक हेडफोनवर ते ऐकत गातो, आणि कोरस पुन्हा पुन्हा गाऊन एकावर एक बसवतात. अशा गाण्याची हौस असलेल्या मुलाला आजीच्या आखाजीच्या गाण्यासाठी नवीन यंत्र घ्यावं लागत नाही. माइक तोच, सॉफ्टवेअर तेच. बदलते ती पद्धत: आजीला हेडफोन घालायचे नाहीत, ठोक्याची सक्ती करायची नाही, आणि तिचा सूर यंत्राने सरळ करायचा नाही.

सोनगीरसारख्या गावात प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला बसलं की अडचणी फार ठोस असतात. महामार्गावरच्या ट्रकांची घरघर खालच्या पट्टीत सतत असते. एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय बसवत नाही, आणि पंखा माइकला सर्वांत आधी ऐकू येतो. चार्जरची पिन लावलेल्या लॅपटॉपमधून कधी कधी विजेचा गुणगुणाट शिरतो. तो ५० हर्ट्‌झला आणि त्याच्या पटींत, म्हणजे १०० आणि १५० हर्ट्‌झलाही बसलेला असतो. यावरचे बरेचसे उपाय सॉफ्टवेअरच्या बाहेर आहेत. पहाटेची वेळ धरायची. रस्त्याकडची खोली सोडून आतली, सामानाने भरलेली खोली घ्यायची. रिकाम्या भिंतीवर जाड गोधड्या टांगायच्या, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा तिरपा ठेवायचा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ची फुंकर थेट त्यावर पडत नाही.

आणि गाणं सुरू होण्याआधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. ही दहा सेकंदं पुढे फार कामाला येतात. ऑडॅसिटीत तेवढा तुकडा निवडून ‘नॉइज रिडक्शन’ला खोलीचा नमुना म्हणून द्यायचा. सॉफ्टवेअर तो नमुना पट्टीपट्टीने तपासतं, आणि मग पूर्ण गाण्यात जिथे आवाज त्या नमुन्याइतकाच क्षीण आहे तिथे तो दाबतं. हात मात्र आखडता हवा. प्रमाण जास्त झालं की घरघर जाते, पण गळ्यातला दाणाही जातो आणि गाणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीवर काम करण्याची सवय इथेच लागते.

कापण्याचंही एक तंत्र आहे. लाट मधल्या रेषेच्या वर असताना छेद दिला, तर जोडावर बारीक ‘टक’ ऐकू येतो, कारण आवाज एका क्षणात एका उंचीवरून दुसरीवर उडी मारतो. लाट मधली रेषा ओलांडते त्या बिंदूवर छेद दिला की बहुतेक वेळा जोड कळत नाही. ऑडॅसिटीत निवड करून झेड हे अक्षर दाबलं की निवडीची दोन्ही टोकं जवळच्या अशा बिंदूवर सरकतात. फितीच्या काळात ब्लेड तिरकं धरण्यामागेही जोड गुळगुळीत व्हावा हाच हेतू होता.

जपून ठेवायची फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारात ठेवावी. सीडीच्या दर्जाचा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिटांचा स्टिरिओ आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो. एकच माइक असेल तर मोनो पुरतो आणि जागा निम्मी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला एमपी३ चालते, पण ती बनवताना आवाजाचा काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो. ऑडॅसिटीची २०२१पासूनची प्रकल्प-फाइल एकच असते. त्याआधी तिच्यासोबत तुकड्यांचं वेगळं फोल्डर असायचं आणि ते हरवलं की काम गेलं. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. कंट्रोल आणि बी दाबून गाण्याच्या सुरुवातीला लेबल लावावं, त्यात गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तारीख आणि गाण्याचा प्रसंग लिहावा. हे तिला आधी सांगून, तिची परवानगी घेऊन करावं, आणि रेकॉर्डिंग झालं की पहिल्यांदा तिलाच ऐकवावं. शब्द चुकीचा ऐकला असेल तर तो तीच दुरुस्त करू शकते.

स्पोकन ट्युटोरियलचे धडे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. श्रेय द्यायचं आणि आपलं कामही त्याच अटीवर खुलं ठेवायचं, एवढं पाळलं की कोणीही ते आपल्या बोलीत करू शकतं. तेव्हा ऑडॅसिटीवरचा पहिला धडा अहिराणीत आणायला कोणाच्या दाराशी जावं लागणार नाही. संहिता तयार आहे, डबिंगचं सॉफ्टवेअरही ऑडॅसिटीच आहे, आणि धड्यात नमुना म्हणून वाजणारा आवाज एखाद्या आखाजीच्या गाण्याचा घेता येईल. नवशिक्याची तपासणी सोनगीर किंवा शेजारच्या कापडण्याच्या शाळेतल्या मुलांकडून करून घ्यावी. तीच मुलं मग पुढच्या आखाजीला माइक घेऊन झोक्यापाशी जातील.